मैदानाची चावी आम्हाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो, पोरं हातात फलक घेऊन रॅली काढतात, शपथ घेतात, तुमच्याकडे फोटो छापून येतो आणि २७ तारखेला सगळं जिथल्या तिथं. मी स्वतः अशा रॅलीत चाललोय, मुलं मनापासून घोषणा देतात, त्यांचा काही दोष नाही. पण संध्याकाळी हीच मुलं कुठे असतात, कुणाबरोबर असतात हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलाच्या कंपासपेटीत व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, सापडलं. मुलगा पंधरा वर्षांचा. दिसायला ते अगदी पेन ड्राइव्हसारखं, बहिणीने दोनदा हातात घेऊन परत ठेवलं होतं, प्रोजेक्टचं काहीतरी असेल म्हणून, तिसऱ्यांदा त्यातून गोडसर वास आला तेव्हा तिच्या पोटात गोळा आला. नंतर कळलं की शेजारच्यांनी त्याला चार महिने आधीच गच्चीवर ओढताना बघितलं होतं, मित्राच्या आईलाही कुणकुण होती, पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा म्हणून सगळे गप्प. शाळेने त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. ज्या पोराला रिकामा वेळच खायला उठत होता त्याला आपण आणखी पंधरा दिवस रिकामे दिले, आईवडील दोघं कामावर आणि हा घरात एकटा, याचा मला अजून राग येतो.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात जाऊन मुलांना 'नाही म्हणा' असं शिकवायचे, कार्यक्रम खूप गाजला, पण नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की मुलांच्या व्यसनावर त्याचा फारसा परिणाम झालाच नाही. याउलट आइसलँड बघा. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगरेट ओढणारी २३ टक्के होती ती ३ टक्क्यांवर. देश छोटा आहे, सगळं जसंच्या तसं जमणार नाही हे मान्य. पण त्यांनी भाषणं देण्यापेक्षा मुलांची संध्याकाळ भरली, खेळ आणि संगीताच्या क्लासला सरकारी पैसा दिला, पालकांनी एकमेकांत करार केले, रात्री आळीपाळीने रस्त्यावर फेऱ्या मारल्या. आणि दर थोड्या काळाने मुलांनाच, नाव न घेता, विचारत राहिले, की बाबांनो खरं काय चाललंय.

आम्ही अकरा घरांनी मिळून एवढंच केलं की एकमेकांचे नंबर घेतले आणि ठरवलं, कुणाचंही मूल कुठे वेगळं काही करताना दिसलं तर आधी त्याच्या आईबापाला फोन करायचा, गावभर बोंबलायचं नाही. पहिला फोन मलाच आला, माझ्या मुलीबद्दल. खरं सांगतो, आधी फोन करणाऱ्याचाच राग आला. रात्री मुलीशी बोललो तेव्हा कळलं की ती फक्त त्या घोळक्यात उभी होती, पण त्या निमित्ताने ती तासभर बोलत बसली, कुणी काय ऑफर केलं, नाही म्हटलं की ग्रुपमधून कसं काढतात, हे सगळं मला कधीच कळलं नसतं.

आता अडलंय ते जागेवर. शाळा सुटली की मैदानाला कुलूप, आणि नेमके आईबाप घरी येईपर्यंतचे दोन-तीन तास मुलं मोकाट. तुमच्या पेपरमधून शाळांना एवढंच विचारा, मैदान संध्याकाळी उघडं ठेवायला काय अडचण आहे? लक्ष ठेवायला माणूस नाही म्हणत असाल तर आम्ही पालक पाळ्या लावायला तयार आहोत, नावांची यादीही केलीय. चावी द्या, रात्री कुलूप आम्हीच लावू.

आपला,
एक पालक