शेपटीवाल्या आडनावाच्या काकांना

प्रिय काका,

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण तुमच्या आडनावातली शेपटी वगळली तर या पत्रात काही उरणारच नाही. तेवढी सवलत द्या.

इंग्रजीत तुमचं आडनाव लिहिताना ‘डी’नंतर ॲपॉस्ट्रॉफी येतो, तीच ही शेपटी. तुमच्या वसईत अशी आडनावं घरोघरी. मालवण-सावंतवाडीकडे आमच्यातही आहेत, पण मामाच्या आंब्याच्या पेट्यांसाठी वेबसाइट करताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं सगळं लक्ष पडणाऱ्या आंब्यांकडे. पान उघडलं की वरून हापूस टपाटप पडायचे, खाली येऊन जरा उसळायचे. त्या उसळण्यावर मी तीन रात्री घालवल्या होत्या. ऑर्डरचा फॉर्म मात्र एका व्हिडिओतून जसाच्या तसा उतरवलेला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मामाचा फोन आला. “अगो, वसईसून एका गिऱ्हायकाचो फोन इलो. तुझो फॉर्म मोडलो म्हणता.”

मला वाटलं, नेट गेलं असेल. मग तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला. चूक शोधायला सोपं जावं म्हणून अख्खी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, पडद्यावर छापायची ओळ मी ठेवली होती, ती काढायची राहिली होती. तक्त्याचं नाव, रकान्यांची नावं, सगळं तुमच्यासमोर उघडं. आणि मध्येच तुमचं अर्धं आडनाव लटकलेलं. त्या शेपटीला डेटाबेसने अवतरण संपल्याची खूण समजून घेतलं होतं आणि पुढचं आडनाव हुकूम म्हणून वाचायचा प्रयत्न केला होता. फॉर्ममधून असा परका हुकूम डेटाबेसला टोचता येतो, त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, हा शब्द मी तुमच्याकडून त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला.

शेपटी काढून तुम्ही ऑर्डर दिलीतच. मग जे म्हणालात ते मी वहीत लिहून ठेवलंय. “माझ्या ऑर्डरच्या लिंकमध्ये शेवटी 47 आहे. तिथे 46 टाकलं तर काय दिसेल? मी टाकून पाहिलेलं नाही. तू बघ.”

मी बघितलं. पुण्याच्या एका आजींचं नाव, पत्ता, फोन, आणि ‘वॉचमनकडे ठेवू नका’ हा निरोप. आंब्यांबरोबर गिऱ्हाइकांचे फोन नंबरही खाली पडत होते म्हणायचे! फॉर्म बंद करून मी दोन दिवस ऑर्डरी फोनवर घेतल्या. मामा वैतागला, पण ते चालतंच.

तुमचं रोजचं काम हेच, कंपन्यांच्या सिस्टिमची दारं ठोकून बघायची. मनात आणलं असतंत तर दहा मिनिटांत भोकं बुजवून दिली असती. तसं केलं नाहीत. लॅपटॉपवर साइटची नक्कल घे, गिऱ्हाइकांच्या जागी खोटी नावं भर आणि तूच फोड, म्हणालात. चालू साइटला हात लावायचा नाही. लावायचाच झाला तर आधी मामाची परवानगी, तीही लेखी. मामाला हे ऐकून हसू आवरेना. भाचीने लिहून मागितलेली पहिलीच परवानगी! लिहून दिली मात्र, बागेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह.

त्यापुढचा शनिवार मी विसरणार नाही. माझ्याच ॲडमिनच्या लॉगिनवर बसले. युजरनेमच्या खान्यात आधी शेपटी, मग ‘ऑर एक बरोबर एक’ ही नेहमीच खरी ठरणारी अट, मग दोन आडव्या रेघा, म्हणजे पुढचं सगळं डेटाबेसने शेरा समजून सोडून द्यावं. होईना. दोन तास गेले. शेवटी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, “रेघांनंतर स्पेस दिलीस का?” दिली होती. “मग ती कोण खातंय ते शोध.” माझा डेटाबेस मायएसक्यूएल, त्याला त्या दोन रेघांनंतर मोकळी जागा लागते, आणि मोठ्या हौसेने घातलेलं माझं ट्रिम, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा छाटणारं फंक्शन, ती जागा शेवटची म्हणून कापून टाकत होतं. स्पेसनंतर आणखी एक रेघ मारली आणि दार उघडलं, पासवर्डशिवाय. आपल्याच घराची कडी बाहेरून सुतळीने काढता येते हे कळल्यावर जसं वाटेल, तसं वाटलं. आनंद आधी झाला, हे खरं सांगते. पोटात गोळा नंतर आला.

मग दुरुस्ती. क्वेरी आधी तयार करायची, माहितीच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवायची आणि माहिती मागाहून वेगळी द्यायची. एवढं केलं की शेपटी नुसती शेपटी राहते. मी पासवर्ड तसेच्या तसे साठवले होते. तुम्ही ओरडलात तेव्हा शहाणपणा करून एमडीफाइव्ह लावलं, म्हणजे पासवर्डऐवजी त्यापासून काढलेली खूण, हॅश, साठवायची एक जुनी रीत, तर आणखी ओरडलात. तो हॅश फार झटपट निघतो, म्हणून अंदाज करणाऱ्यालाही झटपट मारा करता येतो. मुद्दाम हळू चालणारा लागतो. साइट ज्या भाषेत लिहिली त्या पीएचपीत 2013 पासून त्यासाठी तयार फंक्शन आहे, आणि मला त्या व्हिडिओवाल्याने ते सांगितलं नव्हतं. ओवॅस्प या संस्थेची वेबसाइटींच्या धोक्यांची 2021 ची टॉप टेन यादी वाचायला दिलीत, तेव्हा लिंकमधल्या 47 ची भानगड पहिल्या क्रमांकावर सापडली आणि इंजेक्शन तिसऱ्या. एका आंब्याच्या साइटीत पहिल्या तिनातली दोन! तुम्ही हसलात, मी नाही.

आता ज्याबद्दल मी कधी नीट बोलले नाही, ते.

जूनमध्ये एका संस्थेच्या निकालाच्या पानावर लिंकच्या शेवटी आकडा दिसला आणि मी तो बदलला. समोर एका अनोळखी मुलीची गुणपत्रिका, फोटोसकट. मी स्क्रीनशॉट काढून तुम्हाला पाठवला. शाबासकी हवी होती, दुसरं काय! तुमचं उत्तर सकाळी आलं. “आधी डिलीट कर. मग बोलू.”

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, कलम 43 आणि 66, हे तुम्ही फोनवर मला मोठ्याने वाचायला लावलंत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं. तेच अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूने केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. “माझा हेतू तसा नव्हता,” मी म्हटलं. “तो तुझ्या पोटात आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये फक्त आकडे बदललेले दिसतात,” तुम्ही म्हणालात. मग सॅमी कामकारची गोष्ट सांगितलीत. 2005 साली एकोणीस वर्षांच्या त्या पोराने मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये गंमत म्हणून स्क्रिप्ट पेरली, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त लोकांकडून त्याला फ्रेंड रिक्वेस्ट गेल्या. गमतीची किंमत तीन वर्षांचं प्रोबेशन.

मला राग आला होता, काका. 47 चं 46 करायला तुम्हीच सांगितलं होतंत, असं मी मनात म्हणत होते. वही काढून बघितल्यावर ‘मी टाकून पाहिलेलं नाही’ हे वाक्य दिसलं. साइट माझी होती, म्हणून मला सांगितलंत. स्वतः बोटही लावलं नव्हतंत.

नंतर त्या संस्थेला ईमेल लिहायला शेजारी बसल्यासारखी मदत केलीत. स्वतःच्या नावाने, स्क्रीनशॉटशिवाय, कुणाचंही नाव न घेता, चूक कुठे आहे आणि कशी बंद होईल एवढंच. उत्तर नाही आलं तर पुढे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं ठरलं. उत्तर नाहीच आलं. सतराव्या दिवशी लिंक बदललेली दिसली. मी फणकारले, “साधं थँक्यूसुद्धा नाही!” तुम्ही म्हणालात, “दार लागलं ना?” आणि दुसरा विषय काढलात.

तुम्हाला अशी किती दारं लागलेली असतील आणि किती थँक्यू आले नसतील, याचा हिशोब मी तेव्हा मनात करत होते. त्यातलं एक तरी फेडावं म्हणून हे पत्र.

बाकी खुशाल. एक्सएसएसचा, म्हणजे कामकारसारखी पानात स्क्रिप्ट पेरण्याचा, सराव चालू आहे, लॅपटॉपवर मुद्दाम कच्चं ठेवलेलं ॲप घेऊन. पडणारे आंबे काढून टाकले. मामाच्या फोनवर पान अडकायचं, आणि खरं सांगायचं तर ते वाईटच दिसत होते. नवा फॉर्म केला की चाचणीसाठी पहिलं नाव तुमचंच टाकते.

पेटी उद्या एसटी पार्सलने निघेल. पैसे पाठवू नका, मामा परत करील आणि रागावेल तो माझ्यावर. पेटीवर त्याने मार्करने तुमचं नाव इंग्रजीत लिहिलंय. शेपटी विसरला होता, ती मी घातली.

तुमची,
देवगडची आंबेवाली