केमो जिल्ह्यात, पहिली शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात

महोदय,

तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोग डे-केअर केंद्र (दिवसा उपचार घेऊन घरी जाण्याची सोय), त्यातली २०० पहिल्याच वर्षी, ही घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. दर २१ दिवसांनी केमोसाठी गडचिरोलीहून नागपूर गाठणाऱ्यांना हा मोठाच दिलासा आहे. पण जिल्ह्यात काय करायचे, तसे काय करायचे नाही, हेही आताच ठरायला हवे. केमो, रक्ततपासण्या, वेदनाशमन जिल्ह्यात जरूर व्हावे. कर्करोगाची पहिली शस्त्रक्रिया मात्र नको.

आज स्तनातली गाठ ‘साधीच असेल’ म्हणून बायोप्सी (आधी छोटा तुकडा काढून तपासणी) न करता काढली जाते. वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे दाखवणारे टाके नसतात. त्यामुळे गाठ कुठल्या कडेला राहिली हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. काढलेल्या गाठीचा नमुना प्रयोगशाळेत सलाईनमध्ये किंवा अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून येतो. खरे तर तो तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवा, फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट हवे आणि मोठी गाठ आधी कापून उघडायला हवी. फॉर्मॅलिन आत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. अखंड गाठ तशीच ठेवली की मधला भाग खराब होतो. मग ईआर, पीआर या, गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या चाचण्या खोटेच निगेटिव्ह येण्याचा धोका असतो आणि काही रुपयांच्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळीने जिला फायदा झाला असता, तिला ती मिळतच नाही. ही चूक पुढचा कितीही निष्णात डॉक्टर भरून काढू शकत नाही.

यावर उपाय हाताशी आहे. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याकडे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ऑनलाइन ट्यूमर बोर्डही (वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून उपचार ठरवण्याची बैठक) आहे. बायोप्सीचा अहवाल आणि बोर्डाचा निर्णय जोडल्याशिवाय सरकारी विमा योजनेतून कर्करोग शस्त्रक्रियेचे पैसे देऊ नयेत. तातडीच्या शस्त्रक्रिया अर्थात याला अपवाद. रुग्ण पुढे पाठवताना त्याच्यासोबत नुसता अहवाल नको, पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) हवेत.

डे-केअरमध्ये खरा धोका रात्रीचा आहे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत कमी होते. तेव्हा १०१ अंश ताप आला, तर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते. डे-केअर तोवर बंद झालेले असते आणि अपघात विभागात पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवले, तर जीव जाऊ शकतो. म्हणून औषधांची नावे आणि शेवटच्या केमोची तारीख लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णाजवळ हवे, आणि ते पाहताच काय करायचे याची लेखी सूचना अपघात विभागात लावलेली हवी.

किरणोपचार मोठ्या केंद्रातच होणार. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ते सुमारे सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवेत, आणि पुढे आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे चालतात. मध्ये खंड पडला की आजार उलटण्याची शक्यता वाढते. तेवढे दिवस रुग्ण आणि सोबतचा माणूस राहणार कुठे, याचा खर्च उपचाराच्या पॅकेजमध्येच धरावा.

– कर्करोग निदान क्षेत्रातील एक डॉक्टर, नागपूर