रेवदंड्याच्या वेशीवर एक बोर्ड लावा हो!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, कापायचं तर कापा पण बोर्डाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

माझी सासुरवाडी मुरूडची. लग्नाला 27 वर्षं झाली, म्हणजे वर्षातून दोनदा धरलं तरी अलिबागवरून चौल, रेवदंडा, मग साळावचा पूल, कोर्लई, काशीद या रस्त्याने मी पन्नास वेळा तरी गेलो असेन. आणि या पन्नास वेळांत रेवदंडा म्हणजे माझ्या लेखी काय, तर एसटी थांबते, बायको म्हणते शहाळं घ्या, मी म्हणतो पुढे स्वस्त मिळेल, गाडी सुटते. बास. आपण एका किल्ल्याच्या पोटातून चाललोय हे मला 26 वर्षं माहीत नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण मी पैज लावतो, तुमच्या वाचकांपैकी जे काशीदला जाऊन बीचवर फोटो काढून आले त्यातल्या निम्म्यांनासुद्धा माहीत नसेल.

कळलं ते ट्रॅफिकमुळे. गेल्या डिसेंबरातला शनिवार, सगळी मुंबई-पुणे त्या रस्त्यावर उतरलेली, आणि रेवदंड्यात शिरताना रस्ता जिथे अरुंद होतो तिथे आमची एसटी आणि समोरून आलेली एक ट्रॅव्हल्स अशा काही नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या की पाऊण तास कोणी हलेना. पाय मोकळे करायला उतरलो आणि तेव्हा पहिल्यांदा बघितलं की बाजूला जी झाडी आणि मुळं दिसतात ती नुसती झाडी नाही, ती भिंत आहे. काळी दगडी, वर वडा-पिंपळाची मुळं अशी घट्ट बसलेली की भिंतीने झाड धरलंय का झाडाने भिंत तेच कळेना. आपला रस्ता ती भिंत फोडून आत घेतलाय. मी ड्रायव्हरला विचारलं हे काय आहे, तो म्हणाला जुनं काहीतरी. कंडक्टर म्हणाला शिवाजी महाराजांचं असेल.

तर महाराजांचं नाही. पोर्तुगीजांचं आहे. त्या दिवशी मुरूडला पोचायला रात्र झाली आणि सौ. दोन दिवस धड बोलली नाही, कारण एसटी सुटली तरी मी चढलोच नाही, तिला म्हटलं तू हो पुढे मी येतो मागच्या गाडीने. पण जे बघितलं ते सांगतो.

गाव सगळं तटाच्या आत वसलेलं. नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून बोळ, विहिरी, आणि मधेच एखाद्या वाडीत सुपारीच्या झाडांमधून चर्चची भिंत उभी, कमानीसकट. छप्पर नाही, आत पण सुपारीच लावलेली. वाड्या खाजगी आहेत त्यामुळे विचारल्याशिवाय जाता येत नाही आणि ते बरोबरच आहे, आपल्या घराच्या परसात कोणी मोबाइल घेऊन शिरलं तर आपण काय आरती ओवाळणार आहोत का. मला एका वाडीतल्या आजोबांनी आत घेतलं, चहा पण पाजला. त्यांनी सातखणीचा मनोरा दाखवला. सातखणी म्हणजे सात मजली, आता वरचे मजले ढासळलेत, तरी मान वर करून बघावं लागतं एवढा आहे. फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं सेंट बार्बाराचं चर्च होतं तिथे, त्याचा हा मनोरा. पायथ्याला तोफा पडलेल्या. एका तोफेवर कोणीतरी खडूने बदाम काढून नावं लिहिली होती, आजोबांनी ती बोटाने पुसली, परत येतात म्हणाले. समुद्राच्या बाजूला तटाखालून भुयार आहे तेही दाखवलं, पण माझा गुडघा दुखतो, मी तोंडाशी वाकून बघितलं आणि मागे फिरलो.

घरी आल्यावर लायब्ररीत बसून वाचून काढलं. त्यातलं थोडं सांगतो, कारण शाळेत आपल्याला पोर्तुगीज म्हणजे वास्को द गामा आणि एकदम वसईची लढाई, मधलं काहीच नाही. रेवदंड्याला लागूनच असलेलं चौल हे बंदर त्यांच्याही आधी हजार-दीड हजार वर्षं चालू होतं, ग्रीक खलाशांच्या लिखाणात सेमिल्ला म्हणून येतं, अरब प्रवासी सैमूर म्हणायचे. पंधराव्या शतकात रशियाहून अफनासी निकितिन नावाचा व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला आणि त्याने लिहून ठेवलंय की लोक गोरा माणूस बघून माझ्या मागे मागे फिरतात. (आता गोरा पर्यटक दिसला की आपण सेल्फी मागतो, म्हणजे साडेपाचशे वर्षांत फार काही बदललं नाही.) त्याचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे, रशियाच्या एका माणसाची आठवण आपण नीट ठेवली, चांगली गोष्ट आहे.

मग पोर्तुगीज. 1508 मध्ये चौलसमोर मोठी आरमारी लढाई झाली, इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या, आणि त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला, आणि त्या दीवच्या लढाईनंतर अरबी समुद्र पुढची शंभर वर्षं जवळपास त्यांच्याच ताब्यात गेला. म्हणजे जगाच्या इतिहासाचं पान जिथे उलटलं तो समुद्र हाच, जिथे आपण शहाळं महाग आहे म्हणून कटकट करतो. 1521 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने किल्ला बांधायची परवानगी दिली. त्याच निजामशाहीच्या मुर्तझाने 1570-71 मध्ये मोठी फौज आणून वेढा घातला, कित्येक महिने, तरी पडला नाही. संभाजी महाराजांच्या फौजांनी 1683 मध्ये वेढला, तेव्हाही टिकला. शेवटी वसई पडल्यावर 1740 च्या तहात हा मराठ्यांकडे आला, तेव्हा गोव्याची आपल्यापासून सुटका करून घ्यायला त्यांनी हे सोडून दिलं. मधे इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड मध्यस्थ. इंग्रज तेव्हा नुसता मध्यस्थ होता, पुढचं आपल्याला माहीतच आहे.

खाडीपलीकडे कोर्लई. कुंडलिका समुद्राला मिळते तिथे एक डोंगराची जीभ पाण्यात गेलीय, तिच्यावर लांबट अरुंद किल्ला, दुरून बघितला तर बोट उलटी ठेवलीय असं वाटतं. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला. वर चर्चचे अवशेष आणि महादेवाचं देऊळ, समोर तुळशीवृंदावन. मराठ्यांनी घेतल्यावर बुरुजांची नावं बदलली, सॅन फ्रान्सिस्कोचा गणेश बुरुज झाला. खाली दीपगृह, तिथून बोटी जाताना दिसतात.

पण कोर्लईची खरी गंमत किल्ला नाही, गाव आहे. पोर्तुगीज गेले पण त्यांच्या वेळी ख्रिश्चन झालेले लोक इथेच राहिले आणि त्यांची भाषाही राहिली. ती अजून घराघरात बोलतात. तिला ते नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. आणि मजा अशी की शब्द पोर्तुगीजचे पण वाक्याची ठेवण आता आपल्यासारखी, क्रियापद शेवटी, कारण तीन-साडेतीनशे वर्षं चारी बाजूंनी मराठी. मी माउंट कार्मेल चर्चच्या रस्त्यावर दोन बायकांना बोलताना ऐकलं, चाल सगळी मराठीची, हेल पण आपलाच, आणि एक शब्द कळेना. त्यातली एक माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "काय ऐकताय भाऊ, तुमच्यावर नाही बोलत." मी ओशाळलो. नंतर तिनेच सांगितलं की सुट्टीत लोक गाड्या थांबवून "ते पोर्तुगीज बोलून दाखवा ना" म्हणतात, व्हिडिओ काढतात. प्राणीसंग्रहालय आहे का हो ते?

आणि आपण तरी काय वेगळे आहोत. परत येताना रेवदंड्याच्या धक्क्यावर थांबलो होतो, मासळीचा लिलाव चालू होता. कोळणी टोपल्या मांडून बसलेल्या, एकजण भाव पुकारतोय, बोली चढतेय. हा लिलाव शब्द पोर्तुगीज. ज्या घमेल्यात बर्फ होता ते घमेलं पोर्तुगीज, बादली पोर्तुगीज, घराची चावी, दाराची बिजागरी, महिन्याचा पगार, अंगाचा साबण आणि वडापावातला बटाटा आणि पाव दोन्ही. मग नो लिंग बोलणाऱ्या बाईला आपण कुठल्या तोंडाने बोलून दाखवा म्हणतो?

आता माझी तक्रार. 2025 च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे समुद्रातले, किनाऱ्यावरचे पण आहेत, मी पेढे वाटले. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांच्याशी लढून हे सगळं उभं राहिलं त्यांचा किल्ला पण आपल्याच मातीत आहे, आपल्याच लोकांनी मिळवलाय, मग त्याला सावत्र पोरासारखं का वागवायचं. मी गेलो तेव्हा रस्ता तटातून आत जातो तिथे मला एक सुद्धा मराठी बोर्ड दिसला नाही की बाबांनो हा रेवदंड्याचा किल्ला, इतक्या साली बांधला, थांबा, बघा. रिसॉर्टचे बोर्ड मात्र ओळीने. "एसी रूम, पूल, व्हेज-नॉनव्हेज" याला जागा आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सला तर तटाची दगडी भिंतच सापडली होती, खिळा मारून.

मी एका कार्यालयात जाऊन विचारलं (नाव घेत नाही, उगाच कोणाची नोकरी नको), तर साहेब म्हणाले आमच्याकडे येत नाही, अमक्या ऑफिसात जा. तिथे गेलो, ते म्हणाले जागा त्यांची भिंत आमची, का भिंत त्यांची जागा आमची, मला आता आठवत पण नाही. अर्ज द्या म्हणाले. दिला. पोचही मिळाली, शिक्का छान गोल उठलाय. त्याला आता बरेच महिने झाले.

मला काय मोठं काही नकोय. लाइट अँड साउंड शो नको, रोपवे नको, तोफेला सोनेरी रंग तर अजिबात नको (हे काही ठिकाणी करतात, हात जोडतो). वाडीवाल्यांना विचारून, त्यांना चार पैसे मिळतील अशा बेताने, चालायची एक वाट ठरवा. गावातली कॉलेजची पोरं रविवारी सोबत फिरवतील, त्यांना आजोबांकडून सगळं माहीत आहे, कोणीतरी नीट तारखा शिकवा म्हणजे झालं. एक मुतारी बांधा, बायकांचे फार हाल होतात. कोर्लईच्या लोकांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका अशी सूचना दीपगृहाच्या रस्त्यावर लावा. आणि वेशीवर तो एक बोर्ड.

बोर्डाबद्दल एवढं डोकं खातोय त्याचं कारण सांगून टाकतो. मी पेंटर आहे. भिंतीवाला नाही, अक्षरवाला. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, शाळांची नावं, लग्नाच्या मांडवावरचे बोर्ड, 1989 पासून हेच केलं. फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला, आता फक्त गाडीच्या नंबरप्लेटवाल्या ओळखीच्यांची कामं आणि देवळातले सुविचार. त्यामुळे तटाला खिळा मारलेला फ्लेक्स बघून जो राग आला त्यात धंद्याचा पण थोडा होता, खोटं कशाला बोलू.

पण त्यामुळेच मला हे पण माहीत आहे की चालत्या एसटीच्या खिडकीतून वाचायचं तर अक्षर किती मोठं लागतं. वर गावाचं आणि किल्ल्याचं नाव सहा इंची, खाली चार ओळी तीन इंची, त्याहून जास्त मजकूर टाकला तर कोणी वाचत नाही. सहा बाय चार फुटांचा पत्रा, पांढरा बेस, अक्षर काळं. पिवळ्यावर लाल करू नका, दोन पावसाळ्यांत लाल उडतो. दोन खांब जमिनीत गाडून उभा करायचा, तटाला हात लावायचा नाही.

ज्या कोणाच्या अखत्यारीत येत असेल त्यांनी फक्त परवानगीचा कागद द्यावा. मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या, मी फक्त अक्षर काढणार. मजुरी नको. रंग मी आणतो, ब्रश माझेच आहेत, सासुरवाडी पुढेच आहे त्यामुळे राहण्याजेवणाचाही खर्च नाही, आणि सौ. पण आता बोलायला लागलीय. फक्त पत्रा चांगल्या गेजचा द्या आणि दोन दिवस आधी सांगा, कारण तिथली हवा खारी आहे, रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावे लागतील आणि पहिला नीट वाळल्याशिवाय दुसरा मारता येत नाही.

आपला,
एक वाचक (आणि पेंटर),
ठाणे