एम्बेडेड कंट्रोलर फक्त वाचला म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
लॅपटॉप विभाग

विषय : जॉबशीटवरचा 'छेडछाड' हा शेरा मागे घेऊन वॉरंटीत दुरुस्ती मिळण्याबाबत

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीनशॉप आहे. इथल्या फाऊंड्र्यांमधून येणारी पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज आम्ही मशीनिंग करून देतो. प्रोग्रॅम मीच करते आणि तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपवरून मशीनला पाठवते. हा लॅपटॉप वॉरंटीत असताना बिघडला. तुमच्या हुबळीच्या सर्व्हिस सेंटरने तो दुरुस्त न करता परत पाठवला आणि जॉबशीटवर शेरा मारला : 'ग्राहकाने एम्बेडेड कंट्रोलरमध्ये छेडछाड केली आहे, वॉरंटी लागू नाही.' हा शेरा धादांत खोटा आहे. पंखा आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या त्या छोट्या कंट्रोलरमधले आकडे मी फक्त वाचले, बदललं काहीच नाही.

आधी बिघाड सांगते. आमची व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी कटिंगची मशीन, जुनी आहे, तिची मेमरी लहान. मोठा प्रोग्रॅम तिच्यात मावत नाही, म्हणून काम चालू असताना लॅपटॉप तो तुकड्यातुकड्याने मशीनला पुरवत राहतो. जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप मिटून ठेवते. तुमचं मागचं फर्मवेअर (चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) अपडेट टाकल्यापासून जेवणानंतर तो उघडला की पंखा मंदच राहतो. प्रोसेसर तापत तापत शंभर अंशांच्या आसपास जातो आणि मग लॅपटॉप स्वतःहून बंद पडतो. मशीनचा पुरवठा फिनिशिंग कटच्या मधोमध तुटतो, टूल जागच्या जागी फिरत राहतं आणि जॉबवर गोल व्रण उमटतो. असा जॉब पार्टी घेत नाही. कास्टिंगचे पैसे आमच्या अंगावर पडतात.

लॅपटॉपचा पंखा, चार्जिंग, कीबोर्ड, पॉवर बटण हे सगळं एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे ईसी, सांभाळतो. हा प्रोसेसरपासून वेगळा, स्वतःचं फर्मवेअर असलेला छोटा कंट्रोलर. म्हणून मी तिथेच बघितलं. माझ्याकडे लिनक्स आहे. त्याच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 'ईसी_सिस' नावाचं मॉड्यूल २०१० पासून आहे. ते लोड केलं की डीबगएफएसमध्ये, म्हणजे दोष शोधण्यासाठी कर्नेल दाखवतो त्या फाइलींमध्ये, 'ईसी०' या फोल्डरखाली 'आयओ' नावाची फाइल दिसते. ईसीचे २५६ बाइट तिच्यातून वाचता येतात. कोणता बाइट तापमानाचा, हे मी अंदाजाने ठरवलेलं नाही. तुमच्याच बायोसमधले एसीपीआय तक्ते, म्हणजे हार्डवेअर कसं हाताळायचं हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारे तक्ते, उलगडून बघितले, तर त्यात तो तापमानाचा म्हणून नोंदलेला आहे.

सकाळी हा बाइट प्रोसेसरच्या सेन्सरबरोबर वरखाली होतो. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की तो हेक्समधल्या (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) २डी वर, म्हणजे ४५ अंशांवर, गोठतो. प्रोसेसरचा स्वतःचा सेन्सर तेव्हा ९१ दाखवत होता आणि ईसी अजून ४५ च धरून बसला होता. ४५ अंशांना पंखा जोरात फिरवायचं त्याला कारणच नाही. साधं रीस्टार्ट करून फरक पडत नाही, कारण त्यात ईसीची वीज तुटतच नाही. लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर काढून, पॉवर बटण बराच वेळ दाबून धरलं की आकडा पुन्हा हलू लागतो, आणि पुढच्या वेळी मिटेपर्यंतच ठीक चालतो. बिघाड झोपेतून उठतानाच्या तुमच्या ईसी फर्मवेअरमध्ये आहे. पंखा बदलून किंवा प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून तो जाणार नाही.

ही सगळी नोंद मी तारीख-वेळेसह छापून लॅपटॉपबरोबर दिली होती. ती बघून तुमच्या माणसांना दोष शोधणं सोपं व्हायला हवं होतं. त्यांनी तीच नोंद छेडछाडीचा पुरावा म्हणून माझ्यावर उलटवली! याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

'ईसी_सिस' नेहमीच्या पद्धतीने लोड केलं तर ती फाइल फक्त वाचायला मिळते. लिहायचं असेल तर 'राइट_सपोर्ट' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. चुकीचं लिहिलं तर पंखा पुन्हा सुरूच होणार नाही, असा इशारा कर्नेलच्या कागदपत्रांत दिलेला आहे. तो मी वाचला आहे आणि हा पर्याय मी एकदाही दिलेला नाही. माझ्या छापील नोंदीत त्या फाइलची परवानगी ०४०० दिसते, म्हणजे केवळ वाचण्याची. शिवाय टास्कबारवर बॅटरीचे टक्के दिसतात ते कुठून येतात? या मॉडेलमध्ये तुमचाच एसीपीआय कोड ईसीला ६२ आणि ६६ (हेक्स) या पोर्टांवरून तीच वाचनाची आज्ञा देऊन ते आणतो. मीटरचं रीडिंग बघितलं म्हणून मीटर फोडल्याचा आळ कुणी घेत नाही.

'लिनक्स काढा, विंडोज टाका' हे उत्तरही मला मिळालं. तेही करून झालं आहे. वेगळ्या एसएसडीवर विंडोज टाकून तोच लॅपटॉप मिटला आणि उघडला, पंखा तसाच मंद.

या कामात दडवण्यासारखं काही नसतं, हे इतर कंपन्यांनी दाखवलं आहे. क्रोमबुकच्या ईसीचा सोर्स खुला आहे, आणि लिनक्सच्या डीबगएफएसमध्ये त्या ईसीचा कन्सोल लॉग आणि तो कोलमडला तर त्या वेळची माहितीही वाचता येते. फ्रेमवर्क कंपनीने २०२२ मध्ये आपल्या लॅपटॉपच्या ईसीचं फर्मवेअर खुलं केलं. तुमच्याकडे मी सोर्स मागत नाही. तापमान, पंख्याचा वेग आणि चार्जिंगची स्थिती कोणत्या बाइटमध्ये आहे एवढं एक पान प्रसिद्ध करा, आणि प्रत्येक अपडेटमध्ये ईसीत काय बदललं ते लिहा. आज तुमच्या अपडेटखाली 'सिस्टीमची स्थिरता सुधारली' एवढीच ओळ असते. आमच्यासारख्या, सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्या गिऱ्हाइकाला त्या पानाचा फार आधार होईल. लॅपटॉप हुबळीला गेला की शॉपमधलं काम अडतं.

माझी मागणी अशी. जॉबशीटवरचा शेरा लेखी मागे घ्यावा. ईसी फर्मवेअर दुरुस्त करून द्यावं, आणि ते तयार होईपर्यंत आधीचं फर्मवेअर टाकून मिळावं. सध्या तुमचा अपडेटर मागे जाऊ देत नाही. 'ईसी वाचला म्हणजे वॉरंटी गेली' असा तुमचा नियम खरंच असेल, तर तो वॉरंटीच्या कागदात कुठे आहे ते कलमासह कळवावं. मला तो सापडलेला नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागता येते. हा लॅपटॉप मी पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतला आहे, तेव्हा 'व्यावसायिक वापर' म्हणून मला बाजूला काढता येणार नाही.

बिलाची प्रत, जॉबशीट, ईसीच्या नोंदी आणि विंडोजवरच्या चाचणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. तुमच्या फर्मवेअर विभागातल्या कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल, तर उद्यमबागेत कधीही या. लॅपटॉप मिटून, उघडून, तो अडकलेला बाइट समोर दाखवते.

आपली ग्राहक,
उद्यमबाग, बेळगाव