गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव पेशींमधल्या रेणूंवरून कसा ओळखतात, यावरचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मिरजेच्या एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये मी ३१ वर्षं टेक्निशियन होते. लेखात ओस्ना चाचणीचं, म्हणजे काखेतल्या गाठीत कर्करोग पोचला का हे ऑपरेशन चालू असतानाच पाहणाऱ्या चाचणीचं, वर्णन आहे ते बरोबर आहे. काखेतली गाठ (लसिकाग्रंथी) आमच्याकडे आली की आम्ही तिचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करायचो, ते मेणात बसवायचो आणि त्यातून चार मायक्रॉनचा पापुद्रा काचेवर घ्यायचो. गाठीचा फार थोडा भाग डॉक्टरांच्या डोळ्यांखालून जायचा. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दोन पापुद्र्यांच्या मधे राहून गेला, तर कळायला मार्ग नसे. ओस्नामध्ये गाठच घुसळून तिच्यातला सीके-१९ या स्तनाच्या पेशींतल्या प्रथिनाचा आरएनए मोजतात. निरोगी काखगाठीत तो जवळजवळ नसतोच. उत्तर पाऊण तासाच्या आत, बाई ऑपरेशन टेबलावर असतानाच मिळतं. गाठ निरोगी निघाली तर बाकीच्या काढाव्या लागत नाहीत. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्यावर ज्यांचा हात कायमचा सुजला, अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे या चाचणीचं मोल मला कुणी सांगायला नको.

पण तालुक्याच्या गावात ऑपरेशन झालेल्या बाईचे उपचार आजही ईआर, पीआर (कर्करोगाच्या पेशींवरचे संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) या तीन खुणांवरच ठरतात. या खुणा मशीनच्याही आधी बरणीत बिघडतात. लेखात नेमकं हेच आलेलं नाही.

एक प्रसंग सांगते. शनिवारी दुपारी काढलेली स्तनातली गाठ सोमवारी सकाळी एक मुलगा एसटीने घेऊन आला. आईची गाठ. मांडीवर पिशवी, पिशवीत मधाची धुतलेली बाटली, आणि बाटलीत सलाईन. गाठ टिकवणारं रसायन, फॉर्मॅलिन, नव्हतंच. गाठ मधोमध कापली तर आतून करडी आणि लिबलिबीत झालेली. कर्करोग आहे एवढं दिसलं. ईआर मात्र निगेटिव्ह आला. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी शेजारच्या निरोगी दुधाच्या नलिका पाहिल्या. त्या नलिकांनी ईआर चाचणीचा रंग घ्यायलाच हवा होता, पण त्याही कोऱ्या. म्हणजे दोष रोगात नव्हता, साठवणीत होता. मॅडमनी रिपोर्टवर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं.

त्या बाईंचं नशीब एवढंच, की काखेतल्या गाठी वेगळ्या छोट्या डबीत, नीट फॉर्मॅलिनमध्ये आल्या होत्या. त्यातल्या एकीत रोग पोचला होता. मॅडमनी तिच्यावर ईआर पुन्हा लावायला सांगितला. दुपारी स्लाइड पाहिली तर पेशींची केंद्रकं तपकिरी, ठसठशीत. ईआर पॉझिटिव्ह. बाईंना टॅमॉक्सिफेनची, म्हणजे ईआर पॉझिटिव्ह कर्करोगावरची, गोळी सुरू झाली. काखेतही रोग नसता किंवा त्या गाठीही सलाईनमध्ये आल्या असत्या, तर त्या गोळीला मुकल्या असत्या. तो मुलगा रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मला म्हणाला, “ताई, मी बाटली हलू पण दिली नव्हती.” त्याची काहीच चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नियम अवघड नाहीत. गाठ काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे. फॉर्मॅलिन गाठीच्या निदान दहापट हवं. मोठी गाठ असेल तर काप द्यावा लागतो, नाहीतर आतपर्यंत पोचत नाही. बरणी रुंद तोंडाची हवी, कारण अरुंद बाटलीत कोंबलेली मऊ गाठ कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. मग बाटली फोडावी लागते, मी फोडल्या आहेत. फॉर्मॅलिनमध्ये सहा तासांहून कमी नको आणि ७२ तासांहून जास्त नको. गाठ काढल्याची आणि बरणीत टाकल्याची वेळ फॉर्मवर हवी. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक फॉर्मवर हा रकाना कोरा असे.

नातेवाइकांना दुसरी विनंती ब्लॉकची. लॅबमधून लोक रिपोर्ट नेतात, गाठीचे काप बसवलेले मेणाचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, तिथेच राहतात. पुढे चार-पाच वर्षांनी हाडात किंवा यकृतात रोग दिसला, तर नवा तुकडा काढून जुन्या ब्लॉकशी ताडून पाहतात, कारण फैलावलेल्या रोगात ईआर किंवा हर-टू बदललेले असू शकतात. तेव्हा ब्लॉकसाठी जुन्या लॅबचे जिने चढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि लॅबच बंद झालेली असते. ब्लॉक मागून घ्या, फाईलबरोबर ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत नको, मेण वितळतं.

आमच्या लॅबमधून फॉर्मॅलिन भरलेल्या बरण्या आसपासच्या दवाखान्यांना मागितल्या की मोफत मिळत. अशी सोय आजही अनेक लॅब करतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक फोन पुरतो. पुढच्या आरोग्य पुरवणीत एवढी माहिती आपण चौकटीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज