खापर नेटवर, दोष सर्व्हरचा

संपादक महोदय,

अमळनेर तालुक्यातल्या सेवा केंद्रांवर शेतकरी ताटकळल्याची बातमी आपण छापली. तिच्यात सगळं खापर नेटवर फुटलं आहे. मी एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो. सवय जात नाही, म्हणून एका केंद्रावर उभा राहून पाहिलं. पासवर्ड टाकला की खातं उघडतं, पुढचं बटण दाबलं की पुन्हा लॉगिनचं पान, आणि तेही झटक्यात. नेट गेलं असतं तर ते पानसुद्धा आलं नसतं. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "सर्व्हर बंद से." बंद नाही हो आजोबा, चांगले तीन चालू आहेत, तिथंच तर घोळ आहे.

ही सेवा चालवणाऱ्या संस्थेच्या ठेकेदाराचा माणूस भेटला. दोन सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ या जुन्या आवृत्तीचे, तिसरा नवा २०२२ चा, आणि पुढे नेटवर्क लोड बॅलन्सिंग, म्हणजे येणाऱ्या माणसांना तिन्ही सर्व्हरमध्ये वाटून देणारी विंडोजचीच सोय. असं मिश्रण चालतं, पण एकेक सर्व्हर बदलून होईपर्यंत. इथे तेच कायमचं झालंय. २०१२ आर२ चा नियमित सपोर्ट तर १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला.

लॉगिन झाल्यावर सर्व्हर ग्राहकाला एक कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी देतो आणि ती मशीन-की, म्हणजे सर्व्हरवरची गुप्त किल्ली वापरून कुलूपबंद करतो. तिन्हींवर ही की एकच नसेल, तर पहिल्याची कुकी दुसऱ्याला उघडत नाही आणि तो पुन्हा लॉगिनचं पान दाखवतो. की एकच ठेवली तरी डॉटनेट या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीच्या ४.५ आवृत्तीच्या आधीची आणि नंतरची कुलूप लावण्याची रीत वेगळी आहे. एका सर्व्हरवर जुनी सेटिंग राहिली की पुन्हा तेच.

यावर ठेकेदाराचा तोडगा म्हणजे 'सिंगल अ‍ॅफिनिटी': एका आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, येणारा माणूस कायम एकाच सर्व्हरकडे. पण मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवतात. मग अख्खं गाव एका सर्व्हरवर, बाकीचे दोन रिकामे. भार वाटला कुठे? शिवाय हे लोड बॅलन्सिंग फक्त सर्व्हर जिवंत आहे का, एवढंच सेकंदासेकंदाला विचारतं. वेबसाइट आत मेली असली तरी त्याच्याकडे माणसं पाठवतच राहतं. हे मला सगळ्यात घातक वाटतं, आणि ठेकेदाराला त्याचा पत्ताच नव्हता.

संस्थेने दोन गोष्टी कराव्यात. तिन्ही सर्व्हरवर, प्रत्येकाला थेट गाठून, वेगवेगळं लॉगिन करून पाहावं. आणि जुने दोन कधी काढणार ती तारीख केंद्राच्या फलकावर लावावी. काढताना 'ड्रेनस्टॉप' हा आदेश द्यावा, म्हणजे त्या सर्व्हरकडे नवी माणसं जात नाहीत आणि चालू कामं तुटत नाहीत. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या वेळी नेटचा वेग विचारण्याआधी ही तारीख विचारावी.

— एक निवृत्त संगणक अधिकारी, अमळनेर