किती वेळ, एवढाच प्रश्न अपुरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किशोरवयीन मुले आणि समाजमाध्यमे हा विषय निघाला की पालकांची चर्चा बहुधा मोबाइल किती तास हातात असतो, यापाशीच येऊन थांबते. या मोजमापाला आधार नाही असे नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सल्ला देणारे तिथले प्रमुख सरकारी अधिकारी, विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात, दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर असणाऱ्या किशोरवयीनांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचे म्हटले होते. मात्र २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जी तफावत दिसते, तिच्यातील फार तर ०.४ टक्के भागाचाच डिजिटल साधनांच्या वापराशी संबंध लावता आला. मला यात फारसा विरोधाभास वाटत नाही. जिवलग मित्राशी मारलेल्या तासभराच्या गप्पा आणि स्वतःच्या दिसण्याची इतरांशी तुलना करत घालवलेला तास, घड्याळाच्या लेखी सारखेच असतात.

या वयात मेंदूतील बक्षिसाला भुलणारी यंत्रणा तल्लख झालेली असते, तर आवेगांना आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे लाइकचा आकडा मुलांना नुसता आकडा वाटत नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी किशोरवयीनांना काही छायाचित्रे दाखवली आणि त्यांखालचे लाइकचे आकडे स्वतःच ठरवले. ज्या छायाचित्राला अधिक लाइक दिसले, तेच मुलांनी अधिक पसंत केले. (मोठी माणसेही याला अपवाद असतील, असे मानण्याचे धाडस मी करणार नाही.) टाकलेला फोटो अपेक्षेइतके लाइक न मिळाल्याने गुपचूप काढून टाकणे, किंवा संदेश वाचला गेल्याची खूण दिसूनही उत्तर न येणे, यातली बोच मुलांसाठी खरीच असते.

अनेक माध्यमांवर खात्यासाठी १३ वर्षांची अट आहे. तिचे मूळ मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधने घालणाऱ्या १९९८च्या अमेरिकी कायद्यात आहे; मनाच्या तयारीचा तिथे विचारच नव्हता. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा १६ वर आणली आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली, हे मला योग्य वाटते. पण आपल्याला नेमके काय वाटते आहे हे शब्दांत सांगण्याची सवय सोळावा वाढदिवस आपोआप लावत नाही.

म्हणून मी माझ्या मुलीला "किती वेळ झाला?" ऐवजी "आज काही पाहून वाईट वाटले का?" असे विचारू लागलो. कित्येक दिवस "काही नाही" एवढेच उत्तर मिळाले. मग एका रात्री तिने स्वतःहून मैत्रिणीच्या वाढदिवसाचा फोटो दाखवला. वर्गातल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी त्यात होत्या, ती नव्हती. त्या दिवशी तिने मोबाइल जेमतेम दहा मिनिटे हातात घेतला होता.

आपला,
एक पालक